युगलवाहिनीची फरशी

धुळ्याहून आलेल्या काळ्या फरशीवर ‘मुगलवाहिनी’ असं कोरलेलं होतं. ही चूक सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली, आणि त्याचा मला पाच दिवस अभिमान वाटत होता. सहाव्या दिवशी वाटेनासा झाला. का, ते सांगायचं तर आधी दोन वायरींबद्दल सांगावं लागेल.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्याच्या आवारात झाडांपेक्षा उद्घाटनाच्या फरश्या जास्त होत्या. पाण्याच्या टाकीला एक, सायकल स्टँडला एक, मुलींच्या खोलीला एक. एक तर अशी होती, की तिच्यामागची इमारत अजून बांधायची होती. ती फरशी बाभळीच्या सावलीत इमारतीची वाट बघत उभी असे आणि शेळ्या तिला अंग घासत.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, केळीच्या बागांवाले. पण त्यांचा खरा जीव बैलांत. बंगल्याच्या दिवाणखान्यात त्यांच्या थोरल्या बैलजोडीचा फोटो होता, आणि तो वडिलांच्या फोटोपेक्षा एक बोट वर टांगलेला होता. जगातली कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर भाऊ ती आधी बैलांत नेत. सिमेंट आणि वाळूचं प्रमाण, प्राचार्य आणि उपप्राचार्य, केंद्र आणि राज्य, सगळं त्यांना जोडीतूनच कळे. बऱ्याचदा बरोबर कळे, हेही सांगितलं पाहिजे.

कॉलेजातला संगणकाचा अभ्यासक्रम अजून तात्पुरत्या मान्यतेवर होता आणि तो चालवणाऱ्या एकच बाई होत्या. साक्रीकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. मॅडम सहा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्व हे नाव ऐकून एखाद्या दर्शनाची आठवण होते, आणि ते आहेही तसंच. तास झाला तर माणूस आहे, तास झाला नाही तर माणूस नाही. दिवाळीच्या सुट्टीत मॅडम अर्धवट असत. मे महिन्यात त्या अस्तित्वातच नसत, तरी लॅबमध्ये येऊन यंत्रांवरची धूळ पुसत.

त्या वर्षी अभ्यासक्रमाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. समितीनं लॅब पसंत केली तर अभ्यासक्रम पक्का होणार आणि दोन पूर्णवेळ जागा मिळणार: एक अध्यापकाची, एक प्रयोगशाळा सहायकाची. म्हणजे मॅडम कायम. नापसंत केली तर अभ्यासक्रम बंद, आणि मॅडम साक्रीच्या गाडीत. कॉलेजात ‘कायम’ हा शब्द लोक ज्या सुरात उच्चारतात त्या सुरात इतरत्र फक्त देवाचं नाव घेतलं जातं.

आता लॅबविषयी. वरच्या मजल्यावर तीस संगणक होते, पण त्यांच्या पोटात काही नव्हतं. साठवणीची डिस्क महाग, म्हणून तीसही यंत्रं तिच्याशिवाय घेतलेली. सगळं काही एकाच मोठ्या यंत्रात होतं, त्याला सर्व्हर म्हणायचं. सकाळी तीस मुलं तीस बटणं दाबत आणि तीसही यंत्रं एकदम सर्व्हरकडे तोंड करून मागायला लागत. सर्व्हरपासून लॅबपर्यंत वायर एक. त्या एका वायरीतून तिसांचं खाणं जायचं. पहिल्या मुलासमोर पडदा उजळेपर्यंत पंधरा मिनिटं जात, आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा. शिवाय ती वायर कधी सैल झाली, की तीसही यंत्रं एकदम आंधळी.

मॅडमनी यावर उपाय काढला होता. सर्व्हरला वायर जोडायची जागा असते तिला पोर्ट म्हणतात. तशी दोन पोर्टं बसवायची, दोन वायरी लॅबपर्यंत न्यायच्या आणि आतल्या प्रोग्रामनं त्या अशा एकत्र करायच्या की तीस यंत्रांना दार एकच दिसावं. दोन्ही वायरी मिळून माल वाहणार, म्हणून वेग जवळजवळ दुप्पट. आणि एक तुटली तर दुसरी सगळा भार घेणार, काम थांबणार नाही. मॅडमनी हे प्राचार्यांना समजावलं. प्राचार्यांनी शब्दकोश उघडून पोर्ट म्हणजे बंदर असं काढलं आणि भाऊंना कळवलं, की मॅडमना दोन बंदरं हवी आहेत.

भाऊंनी मॅडमना बोलावून घेतलं. मी तेव्हा नव्या पुस्तकांच्या यादीवर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

“दोन कशाला?” भाऊंनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “भाऊ, एक बसली तर दुसरीनं ओढायला पाहिजे.”

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. “अस्सं. जोडी आहे म्हणा की! मग आधी का नाही सांगितलं? प्राचार्य, तुम्ही बंदर-बंदर काय लावलंय?”

आणि भाऊंनी तिथल्या तिथे कागदावर शेरा मारला: ‘जोडी करावी. जोडी फुटता कामा नये.’

हा शेरा पुढे फार महागात पडला.

आमचं ग्रंथालय तळमजल्यावर, लॅबच्या बरोबर खाली. सर्व्हरसाठी भाऊंनी ग्रंथालयाचा एक कोपरा कापून काचेची केबिन केली होती, कारण ती व्हरांड्यातून पाहुण्यांना दिसे. त्या केबिनला कॉलेजातलं एकमेव एसी होतं. ते सर्व्हरला होतं, आम्हाला नव्हतं, आणि मे महिन्यात मी काही कारण काढून सर्व्हरची चौकशी करायला जात असे.

एप्रिलमध्ये मॅडम माझ्याकडे आल्या.

“सर, एक वायर व्हरांड्याच्या भिंतीतून जाईल. दुसरी तुमच्या बाजूनं नेऊ का? कपाटांवरून खिडकीतून वर. दोघींचे रस्ते वेगळे हवेत, नाही तर अर्थच नाही.”

त्या वेळी मी काय केलं, ते सांगायला मला आजही आवडत नाही. मी त्यांना अर्ज द्यायला सांगितला. त्यांनी दिला. मी त्यावर लिहिलं: ‘ग्रंथालयाच्या शांततेस व शोभेस बाधा येईल, सबब परवानगी देता येत नाही.’ ‘सबब’ हा शब्द वापरायची संधी मला बऱ्याच दिवसांनी मिळाली होती. शांततेचं म्हणाल तर वायर आवाज करत नाही. शोभेचं म्हणाल तर ज्या कपाटांवरून ती जाणार होती त्यांवर पाच वर्षांची वर्तमानपत्रं आणि एक फुटकी कुंडी होती. भाऊंच्या फरश्यांना मी हसत असे, पण माझी फरशी मी त्या अर्जावर बसवली.

मग दुसरी वायर मागच्या जिन्यावरून न्यायचं ठरलं, आणि मे महिन्यात हे काम वायरमनकडे गेलं.

वायरमनना सगळे नाना म्हणत. पंचावन्नचे, अमळनेरकडचे, मोटार बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. संगणकाचं त्यांना नवं होतं. मॅडमनी दिलेल्या यादीत ‘स्विच, एक नग’ असं होतं. लॅबमधल्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीला संगणकवाले स्विच म्हणतात. नाना जळगावहून पांढराशुभ्र पियानो स्विच घेऊन आले.

“मॅडम, एक नंबर माल आणेल शे. दहा वरीस जाई.”

तो स्विच मॅडमनी टेबलफॅनला लावून घेतला. अजूनही तिथेच असेल.

मॅडम मे महिन्यात नियमानं अस्तित्वात नव्हत्याच, त्यातून आठवडाभर गावीही गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा व्हरांड्याच्या भिंतीला नवं प्लॅस्टर होऊन रंगही लागला होता. वायर कुठेच दिसत नव्हती. उघड्या वायरी भाऊंना चालत नसत. नानांनी अभिमानानं भिंतीवर हात फिरवला.

“दोन्ही आतमा शेतस. एकच पाईपमा टाकी दिध्यात. वरथून टेप बी मारी दिधी.”

“एकाच पाईपमध्ये?” मॅडमचा आवाज चढला, आणि चढला की तो साक्रीला, अहिराणीत जाई. “नाना, हाई काय बैलेसनी जोडी शे का? या दोन रस्ता शेतस! एक बंद पडना तं दुसरा चालू राहाले पाहिजे!”

“भाऊसनी लिखेल शे, मॅडम. जोडी फुटाले नको.” नानांनी खिशातून शेऱ्याची झेरॉक्स काढून दाखवली. मग जरा नरमून म्हणाले, “आनि भितमा तोडाले कोन जाई?”

मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, रंग नवा आहे. तेव्हा विषय संपला.

जोडी चालू झाली ती मात्र झकास. पंधरा मिनिटांचं काम आठ मिनिटांवर आलं. मुलांच्या लक्षात आलं नाही, कारण सुधारलेली गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. भाऊंच्या लक्षात आलं. त्यांनी ठरवलं, की समिती येईल त्याच दिवशी जोडीचं लोकार्पण करायचं आणि फरशी बसवायची. फरशीवर ‘दोन वायरी’ असं लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी गमतीनं तीन नावं लिहून दिली: द्वितंतू, जोडसूत्र, युगलवाहिनी. गंमत करताना समोरच्याला ती कळेल अशी खात्री लागते. प्राचार्यांनी युगलवाहिनीवर खूण केली आणि म्हणाले, “काय भारदस्त आहे!” मला ते भावगीतांच्या कार्यक्रमाचं नाव वाटत होतं.

माझ्याच अक्षरातला कागद धुळ्याच्या फरशीवाल्याकडे गेला. माझं ‘य’ पहिल्यापासून ‘म’सारखं दिसतं. समितीच्या पाच दिवस आधी फरशी आली. व्हरांड्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चुना-सिमेंटमध्ये ती बसवायची तयारी झाली होती. गवंडी घमेलं कालवत होता. मी सहज वाचायला वाकलो.

‘मुगलवाहिनी संगणक-सेवा लोकार्पण सोहळा.’

माणसानं अशा वेळी गप्प बसावं. समितीतलं कोणीही गुडघ्याएवढ्या उंचीवर वाचायला वाकलं नसतं. पण तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस मी, मी गवंड्याच्या हातातली थापी धरली. प्राचार्य धावत आले, कपाळाला हात लावला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, तुम्ही होतात म्हणून वाचलो.” फरशी परत धुळ्याला गेली.

पाच दिवस मी छाती काढून फिरलो. मधे तिसऱ्या दिवशी एवढंच कळलं, की नवी फरशी समितीच्या दिवशी सकाळीच येईल. सिमेंट सुकायला वेळ नाही, तेव्हा ड्रिलनं भोकं पाडून पितळी स्क्रूनं बसवायची. आणि एवढा त्रास झालाच आहे, तर गुडघ्याजवळ नको, छातीच्या उंचीवर बसवा, असं भाऊ म्हणाले होते.

समिती दहाला येणार होती. साडेनऊला मी व्हरांड्यात गेलो तेव्हा फरशीवाला पितळी टोप्या पुसत होता. फरशी सुरेख दिसत होती. ‘युगलवाहिनी’, अगदी शुद्ध. खाली जमिनीवर विटेची लाल भुकटी पडली होती, आणि त्या भुकटीत राखाडी प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे होते.

वरून मॅडम जिना उतरत आल्या. त्या धावत नव्हत्या, हे मला जास्त वाईट वाटलं.

“सर, तीसही बंद आहेत.”

आम्ही केबिनमध्ये गेलो. सर्व्हरच्या मागे दोन हिरवे दिवे लुकलुकत असायचे, दोन पोर्टांचे. दोन्ही विझलेले. तोपर्यंत नाना आले. त्यांनी भुकटी पाहिली, फरशी पाहिली, डाव्या बाजूच्या खालच्या स्क्रूवर बोट ठेवलं.

“पाईप आठेच व्हता,” नाना म्हणाले, आणि टोपी काढून उभे राहिले.

तिथेच, एकाच पाईपात, टेप मारून, शेजारीशेजारी. एका भोकात दोन्ही.

“फरशी काढा,” मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या.

“अहो, पडदा बांधून झालाय!” प्राचार्य म्हणाले. खरंच झाला होता, गुलाबी सॅटिनचा, दोरी सोडवली की बाजूला सरकणारा. “आणि काढून काय करणार? भिंत फोडणार? आज?”

मॅडमनी क्षणभर त्या पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, समिती आली की आधी काय आहे?”

“सत्कार. मग भाऊंचं स्वागतपर भाषण.”

“किती वेळ?”

“नुसतं स्वागत असेल तर चाळीस मिनिटं.”

“कपाटात निळी वायर आहे, पंचवीस मीटर. टोकाचे जॅक दोनच उरलेत. म्हणजे एकच वायर होईल.” पुढचं त्यांनी विचारलं नाही. एप्रिलचा अर्ज माझ्याकडे फायलीत होता आणि दोघांनाही तो आठवत होता.

मी ग्रंथालयाच्या किल्ल्या काढल्या.

पुढची चाळीस मिनिटं मी कपाटावर होतो. भाऊंचा आवाज तीन लाउडस्पीकरमधून येत होता, आणि मी गॅझेटियरच्या बांधीव खंडांची पायरी करून, मांडी घालून, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून वायर पुढे सरकवत होतो. फुटकी कुंडी खाली पडून आणखी फुटली. शांततेस आणि शोभेस एवढी बाधा त्या खोलीत आधी कधी आली नव्हती. नाना खिडकीबाहेर शिडीवर होते. मॅडम जमिनीवर बसून वायरीचे आठ रंगीत धागे ओळीत लावत होत्या. एक जरी धागा चुकला तरी जॅक फुकट, आणि जॅक दोनच होते.

“...आपल्या जळगाव जिल्ह्याला समुद्र नाही!” लाउडस्पीकरमधून भाऊ म्हणाले. “पण आपल्या कॉलेजात आज दोन बंदरं आहेत!” टाळ्या पडल्या.

“बंदरावर आले,” मी वरून म्हणालो. “आता बैल, मग आभार. पंधरा मिनिटं.”

“धागे निसटतात, सर. बोलू नका.”

बैल जरा लांबले. पूर्वी त्यांच्या लांबण्यावर मी घरी नकला करत असे. त्या दिवशी थोरल्या बैलाचं वर्णन सुरू झालं तेव्हा मी मनातून म्हणालो, भाऊ, आता शिंगंही सांगा. भाऊंनी शिंगं सांगितली.

समिती व्हरांड्यात पोचली, पडदा सरकला, फरशीचे फोटो निघाले. तोपर्यंत सर्व्हरच्या मागे एक हिरवा दिवा लागला होता, निळ्या वायरीचा. दुसऱ्या पोर्टात राखाडी वायर तशीच खोचलेली होती. तिचं दुसरं टोक फरशीच्या मागे कुठेतरी संपत होतं. वर तीस यंत्रं चालू झाली होती. धिम्या गतीनं, पण चालू.

समितीत तिघे होते. दोघांना जेवणाचं भरीत किती वाजता आहे ते हवं होतं. तिसरे, काडीसारखे बारीक, जाड चष्म्याचे, खरोखर पाहत होते. ते थेट सर्व्हरच्या मागे गेले.

“एक दिवा लागत नाही का?”

मॅडमनी तोंड उघडलं. त्या खरं सांगणार होत्या असं मला आजही वाटतं. पण भाऊ कोणालाही बोलू देत नसत, आणि त्या दिवशी त्यांच्या ह्या सवयीचे दुसऱ्यांदा उपकार झाले.

“साहेब, जोडीतला जाणता बैल असाच असतो,” भाऊ म्हणाले. “चढ आल्याशिवाय जोर लावत नाही. उगाच दमत नाही.”

चष्मेवाल्यांनी भाऊंकडे बघितलं, मग दिव्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा ‘राखीव मार्ग’ असं. तशीही एक पद्धत असते, मॅडमनी मला नंतर सांगितलं, त्यामुळे भाऊ चुकूनसुद्धा चुकले नव्हते.

“आता परीक्षाच घ्या,” भाऊ रंगात आले. “साहेबांनी आपल्या हातानं एक वायर ओढावी. कुठलीही!”

चष्मेवाल्यांचा हात निळ्या वायरीकडे गेला. साहजिकच होतं. माणूस चालू असलेल्या गोष्टीलाच हात घालतो. मॅडमनी टेबलाची कड धरली. सहा वर्षं त्या हाताच्या खाली होती.

मी आयुष्यात भाऊंची स्तुती एकदाच केली आहे, ती तेव्हा.

“भाऊ,” मी म्हणालो, “साहेबांना थोरल्यालाच सोडवू द्या की. तुम्ही म्हणता ना, जाणता काढून घेतला की दुसऱ्याची खरी कसोटी लागते.”

भाऊ असं कधीच म्हणाले नव्हते. पण त्यांना ते आपलंच वाटलं. “बरोबर! साहेब, ती करडी ओढा. तो थोरला.”

चष्मेवाल्यांनी करडी वायर ओढली. नाना जिन्यात उभे होते, त्यांनी वर बघून खाली ओरडून सांगितलं:

“चालू शे, भाऊ! बठ्ठा चालू शेतस!”

तीसही चालू. टाळ्या झाल्या. चष्मेवाल्यांनी मान हलवली. मेलेला बैल जोडीतून सोडला आणि गाडी थांबली नाही, याचं समितीनं कौतुक केलं, आणि मग सगळे भरीत खायला गेले. मॅडम केबिनमध्येच थांबल्या. मी पाणी घेऊन गेलो.

“सर, आपण खोटं दाखवलं.”

“तुमची जोडी दोन महिने खरी चालली होती. आज ती आजारी होती, एवढंच.”

“ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांना नाही.” आणि पाणी पिऊन वर तासाला गेल्या.

पावसाळ्यानंतर अहवाल आला. लॅब पसंत होती. अभ्यासक्रम पक्का. प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून तो वाचला, आणि एका वाक्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. एक वाहिनी काढून घेतली तरी संपूर्ण कार्य विनाअडथळा चालते हे समितीनं प्रत्यक्ष पाहिलं होतं. यंत्रणा इतकी भरवशाची असल्यामुळे दोन जागांची गरज समितीला वाटत नव्हती. एका पूर्णवेळ जागेची शिफारस होती. त्याच व्यक्तीनं सहायकाचंही काम पाहावं.

“म्हणजे झालं ना काम?” भाऊ म्हणाले. “मॅडम कायम! जोडीतली एक गेली तरी दुसरी ओढते, आपणच दाखवलंय.”

मॅडम कायम झाल्या. पेढे वाटले. नानांनी दोन घेतले. त्यानंतर मॅडम सकाळी शिकवत, दुपारी यंत्रं दुरुस्त करत, संध्याकाळी कुलूप लावत. तासिका तत्त्व संपलं. आता तास झाला तरी त्या होत्या, नाही झाला तरी होत्या, आणि दोन माणसांएवढ्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत नानांनी मागच्या जिन्यावरून दुसरी वायर नेली, भिंतीच्या बाहेरून, उघडी, खिळे मारून. निळी माझ्या कपाटांवर राहिली. मी वर्तमानपत्रं हलवून तिला नीट जागा करून दिली. त्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघेच होतो. मॅडमनी आधी एक वायर ओढली, परत लावली, मग दुसरी ओढली, परत लावली. नाना दोन्ही वेळा जिन्यातून ओरडले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समितीनं पाहिलं ते तीन महिन्यांनी खरं झालं.

जानेवारीत मॅडमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. तो परत आला, त्यावर प्राचार्यांचा शेरा होता: ‘पर्यायी व्यवस्था करून जावे.’

अर्ज घेऊन त्या ग्रंथालयात आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. वर कपाटावरून निळी वायर खिडकीकडे गेली होती.

मी तो शेरा वाचला. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, र्‍हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होतं. मग मी पेन काढलं आणि खाली लिहिलं: ‘तीन दिवस लॅब मी पाहीन.’ ‘सबब’ घालावासा वाटला होता, पण घातला नाही.

“तुम्हाला यातलं काय येतं, सर?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही. दिवा लागत नसेल तर नानांना हाक मारीन.”

“आणि नाना काय करतील?”

“जिन्यातून ओरडतील.”

त्या हसल्या आणि साडेचारची धुळ्याची गाडी धरायला गेल्या. मी व्हरांड्यातून, त्या शुद्ध कोरलेल्या फरशीसमोरून, वर लॅबमध्ये गेलो. तीस मुलं बसली होती. कोणी मान वर केली नाही.